पाहुणा समोरच्या घरचा

लाल रेनकोट घातलेला तो उंच माणूस गल्लीच्या मधोमध उभा राहून डावीकडे पाहत होता, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे... आणि टोपीच्या टोकावरून पाऊस थेट त्याच्या नाकावर गळत होता.

मायलिंदानं खिडकीतून हे पाहिलं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत ती खाली धावली. प्रागहून एक गृहस्थ यायचे होते, दुपारी तीनपर्यंत. आता पावणेतीन झाले होते.

"वेलकम, वेलकम!" ती आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाली. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर त्याची बॅग तिच्या हातात होती. त्यानं हात पुढे केला, तोवर बॅग उंबऱ्याच्या आत होती. मग बिचारा बॅगेच्या मागे गेला.

पाचच मिनिटांत तो पाहुण्यांच्या मोठ्या खोलीत भिंतीतल्या शेगडीजवळ बसला होता. पायांत मायलिंदाच्या घरचे लोकरी मोजे, समोर पाण्याचा पेला आणि बशीत पाकातली अंजिरं. मायलिंदा इंग्रजीतून सांगत होती— हे घर सतराशे सत्तावीसचं. तीनशे वर्षांचं. हे छत कोरीव, हे दगड डोंगरातले, आणि या गावात याहून जुनं अतिथिघर नाही... तो मान डोलावत होता आणि अंजीर खात होता.

तिचे वडील नुरी मास्तर दारात डोकावले. मायलिंदा त्यांच्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "बाबा, याचे बूट जरा शेकायला ठेवा ना. म्हशीसारखा भिजलाय. आणि बघा तरी, माणूस एवढा देखणा, पण खातोय कसा! शेळीला पहिल्यांदा हिरवळ दिसावी तसा."

पाहुण्यानं तिसरं अंजीर संपवलं. चमचा बशीत ठेवला, रुमालानं ओठ टिपले. मग स्वच्छ अल्बेनियन भाषेत, कोर्चा शहराकडच्या लोकांचा असतो तसा हेल काढत म्हणाला, "चौथं मिळेल का? शेळीचं अजून भागलं नाही."

नुरी मास्तरांना ठसका लागला. मायलिंदाचे कान लाल झाले, मग गाल, मग मानसुद्धा.

"तुम्ही... तुम्ही प्रागचे नाही?"

"कोर्चाचा. सोकोल नाव."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला बारीक घडी पडत होती, ती तिनं नको असताना टिपली. "आणि 'देखणा' ऐकल्यावर म्हटलं, आणखी थोडं ऐकून घ्यावं. पण लगेच शेळी आली."

ती काही उत्तर देणार, तेवढ्यात खालचं दार दणादणा वाजलं. समोरच्या घरच्या जेमिलेकाकू होत्या. साठी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, एका हातात मिटलेली छत्री तलवारीसारखी धरलेली.

"कुठाय माझा पाहुणा?" त्या जिन्यावरूनच गरजल्या. "माझ्याकडे नाव नोंदवलंय त्यानं! मी सकाळपासून पिठात हात घालून बसलेय आणि इकडे ही त्याला दारातून उचलून नेते! पाहुणे पळवायचे धंदे सुरू केलेस का गं, मायलिंदा?"

"पळवला नाही, काकू. तो रस्त्यात भिजत होता. तुमच्या घराला पाटीच दिसत नाही, त्याला मी काय करणार?"

"माझ्या घराला पाटी लागत नाही. अख्खं गाव ओळखतं."

"गाव राहायला येत नाही ना पण!"

सोकोल उठून उभा राहिला. मोज्यातल्या पायांनी, जरा अवघडून. "मला वाटतं, मी सांगूनच टाकावं," तो म्हणाला. "मी जुन्या घरांचं काम करतो. इथल्या नगरपालिकेनं बोलावलंय. गावातलं सगळ्यांत जुनं अतिथिघर कुठलं, ते ठरवून द्यायचंय. जे ठरेल त्यावर पितळी पाटी लागेल. मला कळवलंय की प्रश्न दोनच घरांचा आहे आणि दोन्ही समोरासमोर आहेत..."

 मग जेमिलेकाकूंनी छत्री खाली केली आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "लेका, भूक लागली असेल तुला." त्याच क्षणी मायलिंदा कॉफीचं भांडं घ्यायला धावली.

शेवटी तह झाला. चार दिवस या घरी, चार दिवस त्या घरी. आणि आधी इथे, कारण अंजीर इथलं पोटात गेलं होतं. प्रागचे खरे गृहस्थ पाचच्या सुमाराला आले आणि त्यांना मागची खोली मिळाली.

*

जिरोकास्तर म्हणजे दगडाचं गाव. छपरं दगडी, गल्ल्या दगडी, आणि लोक म्हणतात, माणसांच्या मानाही दगडीच— वाकत नाहीत. मायलिंदा दालिपीची मान तर त्या गावातही उठून दिसायची. पंचविसाव्या वर्षी ती इटलीतल्या बारी शहरात एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर उभी राहायची आणि दिवसातून दोनशे वेळा परक्यांना गोड हसायची. मग आई गेली. बाबा एकटे पडले आणि छप्पर गळायला लागलं. ती परत आली ती दोन महिन्यांसाठी. त्याला आता चार वर्षं होत आली होती. छपराची एकेक शिळा गवंड्याच्या बरोबरीनं तिनं वर चढवली होती. खोल्यांचे नक्षीदार दरवाजे स्वतः घासून त्यांचा मूळ रंग काढला होता. पहिल्या वर्षी एक खोली, मग तीन, आता सहा. आणि त्या सहाही खोल्यांत येणाऱ्या माणसाला ती आधी घर दाखवायची, मग खोली.

घराची कथा सांगायचं काम मात्र बाबांचं. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेलेला. रोज जेवणं झाली की नुरी मास्तर शेगडीशी उभे राहायचे आणि सांगायचे की आमचा मूळ पुरुष दालिप बेय, मोठा सरदार. घोड्यावर बसला की जमीन हादरायची. तुर्की पाशानं त्याच्या तलवारीवर खूश होऊन ही टेकडी दिली आणि सतराशे सत्तावीस साली त्यानं हे घर बांधलं. तलवार फिरवताना मास्तरांचा हात असा काही हवेत फिरायचा की पाहुणे डोकं मागे घ्यायचे.

सोकोलनं पहिल्या रात्री ही कथा ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी मागायला आला.

"आणि दिवा धरायला कुणीतरी लागेल," तो म्हणाला.

"कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला वेळ असेल तर."

तिला वेळ नव्हता. तिनं दिवा धरला.

तो भिंतींवर बोटांनी टकटक करायचा आणि कान लावायचा. तुळयांच्या टोकांवरून हात फिरवायचा, पातळ सुरीनं चुन्याचा एखादा पापुद्रा काढायचा, वहीत काहीबाही टिपायचा. बाहेर एप्रिलचा पाऊस दगडी छपरांवर वाजत राहायचा.

"भिंतीला कान लावून काय ऐकता?"

"भरीव आहे की पोकळ. घरं माणसांसारखीच असतात. जी फार आवाज करतात ती..." तो तिच्याकडे पाहून थांबला.

"ती पोकळ?"

"मी म्हटलं नाही."

"पण माझ्याकडे बघून थांबलात!"

"तुमच्याकडे बघून मी थांबतोच," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. दिवा जरा हलला. "दिवा स्थिर धरा."

"स्थिरच आहे. तुमचे डोळे हलताहेत."

तिसऱ्या दिवशी ती त्याला शिडीवरच गरम बोरेक आणून देऊ लागली होती— पालक आणि चीज भरलेले, पापुद्रे सुटलेले. अर्थात, सगळ्याच पाहुण्यांना ती बोरेक द्यायची. शिडीवर नेऊन द्यायची नाही, एवढंच.

"जिरोकास्तरची माणसं हाताला घट्ट, असं आमच्याकडे म्हणतात," तो तोंडात घास असतानाच म्हणाला.

"स्वतःसाठी घट्ट. पाहुण्यासाठी नाही. आणि कोर्चाचे पुरुष मुलींच्या खिडकीखाली उभे राहून गाणी म्हणतात, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?"

"खरंय. मला सूर नाही, म्हणून भिंती वाजवत हिंडतो."

ती खळखळून हसली. मग तिच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. पाहुण्यांसाठी हसायची, ते वेगळं. हे हसू तिचं स्वतःचं होतं... आणि तो शिडीवर बसून ते पाहत होता, हातातला घास विसरून.

*

चौथ्या दिवशी दुपारी पाहुण्यांच्या मोठ्या खोलीत, शेगडीच्या वरच्या बाजूला सोकोलची सुरी थांबली. चुन्याचे कितीतरी थर होते तिथे. त्यानं मऊ ब्रश घेतला. धूळ झटकली, फुंकर घातली. दगडावर कोरलेल्या रेघा दिसू लागल्या. वळणदार, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या.

"दिवा जवळ घ्या... अजून जवळ."

"काय आहे?"

"लेख आहे. जुन्या तुर्की लिपीत. खालच्या ओळीत साल आहे, ते तेवढं स्पष्ट आहे..."

 आजवर पुरावा म्हणून त्यांच्याकडे बाबांच्या आजोबांचा शब्द तेवढा होता. आता दगडच बोलणार होता! जेमिलेकाकूंचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे तरळून गेला.

"सतराशे सत्तावीस ना?" ती कुजबुजली.

तो शिडीवरून खाली उतरला. हाताला लागलेला चुना पँटला पुसला, पुन्हा वर पाहिलं.

"एक हजार दोनशे त्रेचाळीस, त्या काळच्या हिजरी मोजणीनं," तो सावकाश म्हणाला. "आपल्या मोजणीनं... अठराशे सत्तावीस."

"तुम्ही चुकताय."

"नाही चुकत. कुणीतरी तुमच्या पणजोबांना सत्तावीस साल सांगितलं असेल. शतक त्यांनी मागचं धरलं. असं होतं पुष्कळदा."

"शंभर वर्षं? शंभर वर्षं अशी... चुकून?" तिनं दिवा खाली ठेवला. "आणि समोरचं घर?"

"समोरच्या तुळया मी बाहेरून पाहिल्यात. आतून बघायच्यात अजून, पण ते घर जुनं आहे. नक्की जुनं आहे."

पाऊस थांबला होता. छपरावरून थेंब गळायचा आवाज तेवढा येत होता.

"हे कुणी पाहिलेलं नाही," मायलिंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "खाली चुन्याची बादली आहे. दहा मिनिटांचं काम. पुन्हा एक हात मारला की..."

"हो. मारता येईल."

"मग?"

"घर तुमचं आहे, मी अडवणार नाही. पण अहवाल माझा आहे. त्यात मी अठराशे सत्तावीसच लिहिणार."

"तुला काय फरक पडतो रे?" ती भडकली. "तू चार दिवसांनी निघून जाशील! बाबांनी आयुष्यभर ही कथा सांगितली आहे. शाळेतल्या मुलांना सांगितली, मंत्र्यांना सांगितली. आई गेल्यावर तेवढ्या एका कथेपुरते ते दिवसातून एकदा उभे राहायचे. माहीत आहे तुला? त्यांना काय सांगू मी?"

त्यानं ब्रश खिशात टाकला. मग म्हणाला, "निदान 'तू' तरी म्हणालीस."

तिनं त्याला तिथेच बाहेर काढलं असतं. पण पाहुण्याला घराबाहेर काढायचं नसतं. त्या गावात तरी नाही, त्या घरात तर नाहीच नाही. त्याच्यावर ओरडायचंही नसतं. एकदा ओरडून झालं तेच फार झालं. म्हणून तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली, कप आदळून, आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

सोकोलनं कॉफी प्यायली. उठून बॅग भरली. दारात बूट घालताना म्हणाला, "माझे इथले चार दिवस संपले. मी समोर राहायला जातो. म्हणजे तुला माझ्याशी मोकळेपणानं भांडता येईल."

*

संध्याकाळी बाबा बाजारात गेले होते. मायलिंदानं चुन्याची बादली वर आणली, कुंचा भिजवला आणि शिडीवर चढली.

कुंच्यातून पांढरे थेंब टपटपत होते. तिनं दगडावरच्या अक्षरांकडे पाहिलं. तिला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. पण कुणीतरी बसून, दिवसचे दिवस, ती एकेक रेघ कोरली होती. ज्यानं ती कोरली त्याला काहीतरी सांगायचं होतं. आणि तिला त्यातला फक्त आकडा हवा होता...

तिला सोकोल आठवला. 'लिहीन सतराशे सत्तावीस' असं तो म्हणू शकला असता. किती सोपं होतं! तिनं गोड हसून मागितलं असतं आणि त्यानं दिलं असतं. मग पाटी मिळाली असती. आणि तिच्या मनातून तो तिथेच उतरला असता, कायमचा. हे तिला इतकं लख्ख कळलं की ती शिडीवरच बसली.

तिनं कुंचा बादलीत टाकला. बाबा आल्यावर तिनं त्यांना शेगडीपाशी बसवलं, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळं सांगितलं. नुरी मास्तरांनी मान वर करून दगडावरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"बाकीच्या ओळींत काय आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काय?"

"साल खालच्या ओळीत आहे म्हणतेस. मग वरच्या ओळींत काय आहे?" म्हातारे डोळे बारीक झाले होते, शाळामास्तर जागा झाला होता. "अर्ध्या पुराव्यावर कुणी इतिहास सांगतं का, पोरी? बोलाव त्या शेळीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलिंदा गल्ली ओलांडून गेली. जेमिलेकाकूंनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. सोकोल तुळईखाली वही घेऊन उभा होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"भांडायला आलीस?"

"वाचायला बोलवायला आले. वरच्या ओळी." ती अडखळली. "आणि... काल जे चुन्याचं बोलले, ते..."

"ते मी ऐकलंच नाही. भिंत वाजवत होतो."

दोन दिवस लागले. चुना नखाएवढा-नखाएवढा निघत होता. नुरी मास्तर खुर्ची टाकून समोर बसून राहिले, जेवायलाही उठेनात. तिसऱ्या दिवशी दुपारी सोकोलनं शिडीवरून हळूहळू वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द वाचून तो थांबे, पुन्हा तपासे.

"'दालिप... खेचरवाला... वाटेवर होता. बर्फ पडत होतं. त्यानं सात दारं वाजवली, एकही उघडलं नाही. त्याची बायको हावा हिनं... बारा वर्षं भाकऱ्या भाजून, विकून... हे घर बांधलं. वाटेवरच्या माणसाला इथे दार उघडं. सन एक हजार दोनशे त्रेचाळीस.'"

सोकोल शिडीवरून खाली उतरला.

तलवार नव्हती, पाशा नव्हता. बर्फात गोठून मेलेला एक खेचरवाला होता आणि त्याची विधवा होती. जे तिच्या नवऱ्याला मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी मिळावं म्हणून बारा वर्षं चुलीसमोर बसलेली. हे घर कुणा सरदाराचा वाडा नव्हताच कधी. पहिल्या दगडापासून ते पाहुण्यांसाठी बांधलेलं होतं.

मायलिंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. चार वर्षं ती ज्या उंबऱ्यावर उभी राहून परक्यांना आत घेत होती, त्याच उंबऱ्यावर ही बाई उभी होती. याच कामासाठी.

नुरी मास्तर उठले. भिंतीपाशी गेले आणि तळहात दगडावर टेकवला.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी एका गरीब खेचरवाल्याच्या हातात तलवार देत होतो. किती जड झाली असेल बिचाऱ्याला!" आणि ते हसायला लागले, रडता रडता. मग ताठ झाले. "हावा," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांच्या आजीचं नाव हावा होतं. आणि आम्हाला ते माहीतही नव्हतं."

*

नगरपालिकेच्या सभागृहात शनिवारी सकाळी निम्मं गाव जमलं होतं. जेमिलेकाकू काळा रेशमी पोशाख घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सोकोल अहवालाचे कागद घेऊन उभा राहिला, घसा साफ केला... आणि मायलिंदा उठली.

"मी आधी बोलू का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कागद खाली केले.

"आमच्या दारावर सतराशे सत्तावीस लिहिलंय," ती म्हणाली. "ते चूक आहे. आमचं घर अठराशे सत्तावीसचं आहे. जेमिलेकाकूंचं पन्नास-साठ वर्षांनी जुनं. पाटी त्यांची आहे." सभागृहात कुजबुज उठली. ती थांबली नाही. मान तशीच ताठ. "आणि आमचा मूळ पुरुष बेय नव्हता. खेचरं हाकणारा होता. आमचं घर एका भाकऱ्या विकणाऱ्या बाईनं बांधलंय, अनोळखी माणसांसाठी. मी तिच्या वंशातली आहे. हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं, कारण याच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटलेला नाही."

 मग मागून नुरी मास्तरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सभागृहानं.

बाहेर आल्यावर जेमिलेकाकूंनी तिला कोपऱ्यात गाठलं. पितळी पाटी त्यांच्या काखेत होती.

"लबाडे," त्या म्हणाल्या, "पाटी माझी झाली खरी. पण ही हावाची गोष्ट ऐकल्यावर जो तो तुझ्याकडेच राहायला येणार, कळतं हो मला." आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, चांगले आवाज करून. "शाब्बास. मला नसतं जमलं."

*

कोर्चाची बस रविवारी सकाळी सातला सुटायची. मायलिंदा सोकोलबरोबर स्टँडपर्यंत चालत आली, पाहुण्याला निरोप द्यायला म्हणून. खरं तर तिच्या घरचा पाहुणा तो आता नव्हताच, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. भुरभुर पाऊस होता. एक छत्री, तीही त्याच्याकडे जास्त झुकलेली.

"तुझा खांदा भिजतोय," तो म्हणाला.

"भिजू दे. तू भिजलास की कसा दिसतोस, मी पाहिलंय."

बस उभी होती. ड्रायव्हर सिगारेट ओढत होता.

"मला काही सांगायचं होतं," सोकोल म्हणाला. "मी अहवाल बरे लिहितो. हे... मला नीट..."

"मग मी सांगते." तिनं छत्री त्याच्या हातात दिली, म्हणजे स्वतःचे हात मोकळे राहतील. पण मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं त्याच्या रेनकोटाचं वरचं बटण लावलं. "त्या संध्याकाळी मी कुंचा भिजवून शिडीवर चढले होते. तू नुसतं 'बरं' म्हणाला असतास, तर मी चुना मारला असता. आणि तू मला पुन्हा कधी आवडला नसतास."

"पुन्हा म्हणजे... आधी आवडलो होतो?"

"तिसऱ्या अंजिरालाच."

"आणि आता?"

"आता... मला तुझा अभिमान वाटतो. आणि जिरोकास्तरच्या मुलीनं असं म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. समजून घ्यायचं असतं."

त्यानं समजून घेतलं. छत्री कधी खाली पडली, कुणालाच कळलं नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा तो स्वतःच थांबला आणि दुसरी सिगारेट पेटवून दुसरीकडे पाहू लागला.

"गुरुवारी येतो," सोकोल बसच्या पायरीवरून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आईला घेऊन. रीतसर मागणी घालायला. तुझे बाबा..."

"बाबांना मी सांगते. तू ये!"

ती गल्ली चढून वर आली तेव्हा जेमिलेकाकू दारात उभ्या होत्या.

"गेला?"

"गेला. गुरुवारी येतोय. आईबरोबर."

काकूंच्या भुवया वर गेल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विजयी हसू पसरायला लागलं, सावकाश, कानापर्यंत. "मागणी घालायला आलेली माणसं मुलीच्या घरी उतरत नाहीत," त्या म्हणाल्या. "रीत आहे. म्हणजे गुरुवारी पाहुणे माझे!"

मायलिंदानं तोंड उघडलं आणि मिटलं.  जन्मात तिनं या बाईकडे एक पाहुणा स्वखुशीनं पाठवला नव्हता... आणि आता पाठवायचा होता तोही हा!

"काकू," ती शेवटी म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही केल्या आवरेना, "आईंना खालची खोली द्या, ऊबदार आहे. आणि त्याला वरची, गल्लीकडची. तिथून आमच्या घरातलं सगळं दिसतं."